पिवळाधमक गूळ, साबणाने लाल झालेली हळद आणि रश्श्याचा कट

प्रश्न : ताई, आम्ही वर्षाचा गूळ एकदमच भरतो. यंदा मार्केट यार्डातनं पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, आणला, दिसायला सोन्यासारखा, पण पावसाळा लागला तसा वरनं काळपट पडत चाललाय. सासूबाई म्हणतात हा हायड्रॉसचा गूळ आहे, टाकून दे. माझ्या मुलाला दमा आहे म्हणून जास्त काळजी वाटते. – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : आधी तुमच्या मुलाचं बोलू, बाकीचं मग. हायड्रॉस घातलेल्या गुळात सल्फाइट मागे राहतं आणि दमा असलेल्या काही जणांना त्यानं त्रास होतो, छाती आवळते, घरघर लागते. सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल ते आधी कळत नाही, त्यामुळे या रव्यातला गूळ त्याला सध्या देऊ नका आणि कधी गूळ खाल्ल्यावर खोकल्याची उबळ आली असेल तर डॉक्टरांना तेवढं आवर्जून सांगा.

आता हायड्रॉस म्हणजे काय, तर सोडियम डायथायोनाइट. इचलकरंजीत कुणी कापड रंगवण्याच्या धंद्यात असेल तर त्याला ही पांढरी पावडर चांगली ठाऊक असते, कारण ती मूळची त्या धंद्यातलीच, खाण्यात घालायची वस्तूच नाही ती. उकळत्या रसात टाकली की रंग देणाऱ्या पदार्थांचं रासायनिक रूप बदलतं आणि रस डोळ्यादेखत उजळतो, पण जाताना सल्फाइट मागे ठेवून जाते. आणि हा उजळपणा टिकतही नाही, हवेतला ऑक्सिजन लागत राहिला की रंग हळूहळू परत येतो. म्हणून सासूबाईंचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. फक्त एक लक्षात घ्या, काहीही न घातलेला गूळसुद्धा पावसाळ्यात पाणी ओढतो, पाझरतो आणि काळा पडतो, त्यामुळे निव्वळ काळा पडला म्हणजे हायड्रॉसच, असं छातीठोक म्हणता येत नाही.

मी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर पूर्ण आदण, म्हणजे काहिलीभर रस, उतरेपर्यंत बसले होते. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवलेली, ते बुळबुळीत पाणी काहिलीत ओतलं की त्याचा चिकटा रसातली घाण धरून वर येतो, मग झाऱ्यानं मळी काढत राहायची, एकदा नाही, सारखी. रस आंबूस असतो म्हणून थोडा चुना, पण चुना जास्त झाला की तोच गूळ काळवंडतो. शेवटी ११८ अंशांच्या आसपास पाक आला की थर्मामीटर कोण बघतंय, गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, गार पाण्यात थेंब टाकून बोटानं गोळी वळतो आणि ती कडेला टणकन वाजली की काहील उतरवा म्हणतो. एवढं सगळं नीट करून त्याच्या वाफ्यात जो गूळ पडला तो तपकिरी, केशरी छटेचा होता, पिवळाधमक नव्हे. आणि तो मला म्हणाला, बाई, हाच गूळ सौद्यात कमी दरानं जातो. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, कारण दर पाडणारे शेवटी आपणच, पिवळा रवा मागणारे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते या हातांमुळे.

आता टाकायचा का. गुळात सल्फर डायऑक्साइडची (सल्फाइट याच हिशोबात मोजतात) कायद्यानं मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे. ५० किलो वजनाच्या माणसाला रोज ३५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं असा आंतरराष्ट्रीय हिशोब आहे, आणि मर्यादेतल्या गुळाचा ५० ग्रॅमचा खडा खाल्ला तर पोटात जातात साडेतीन. म्हणजे निरोगी माणसानं घाबरून रवा फेकायची गरज नाही, *जर* तो मर्यादेत असेल तर. गुऱ्हाळावर मुठीनं पावडर पडली असेल तर हा हिशोब चालत नाही आणि ते घरी कळायचा भरवशाचा मार्ग नाही. लिंबू पिळून बघतात, फेस आला तर भेसळ म्हणतात, पण फेस सोड्याचा किंवा खडूचा येतो, हायड्रॉसचा त्याच्याशी संबंध नाही. खात्री हवीच असेल तर अन्नसुरक्षा कायद्यातल्या कलम ४० प्रमाणे आपण ग्राहकसुद्धा फी भरून अन्न विश्लेषकाकडनं नमुना तपासून घेऊ शकतो. घरात दम्याचं पोर आहे, मी तुमच्या जागी असते तर तपासून घेतला असता.

प्रश्न : मुलीच्या ओढणीला हळदीचा डाग पडला, साबण लावला तर रक्तासारखा लाल झाला! हळदीत रंग मिसळलाय का? – राजारामपुरी

उत्तर : नाही हो, उलट ती हळद असल्याचीच खूण आहे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं आणि साबण अल्कलीच. आपल्याकडे हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच गुणावर. डाग धुवून उन्हात वाळत घाला, कर्क्युमिन उन्हात उडतं.

खरी भीती दुसरीच आहे. मेटॅनिल यलो हा खाण्यात न चालणारा पिवळा रंग आणि त्याहून वाईट लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग. बांगलादेशात २०१९ च्या एका अभ्यासात हळदीत लेड क्रोमेट सापडलं होतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं आणि ते साबणानंही कळत नाही, लिंबानंही नाही. ॲसिड टाकून बघायचे प्रकार तर घरी अजिबात नकोत. सांगली एवढी जवळ आहे, हळकुंडं आणा, एखादं मोडून बघा, रंग आतपर्यंत एकसारखा आहे की नुसता वरनं चोपडलाय ते दिसेल, आणि समोर दळून घ्या.

प्रश्न : हॉटेलातल्या तांबड्या रश्श्याचा कट, म्हणजे वरचा तेलाचा तवंग, एवढा लाल कसा? रंग घालतात का? – गडहिंग्लज

उत्तर : चांगल्या मिरचीचा रंग तेलातच उतरतो, पाण्यात फारसा नाही, त्यामुळे कट लाल असणं स्वाभाविक आहे. ब्याडगी रंग देते, तिखटपणा लवंगीचा. चटणी, म्हणजे लाल तिखट, पाण्यावर टाकून रंगाच्या रेघा खाली उतरतात का बघतात, त्यानं पाण्यात विरघळणारे रंग सापडतात. पण सूदान नावाचा रंग तेलातच विरघळतो, तो यात सुटून जातो, आणि २००३ साली युरोपनं आपल्या मिरचीवर कडक तपासणी लावली ती याच सूदानमुळे. हॉटेलातलं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण घरच्या चटणीला अख्खी मिरची घेऊन देठं काढायची, बुरशी आलेली बाजूला टाकायची आणि डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणायची.