लम्पी : लसीचा विषाणू की बाहेरचा?

डॉक्टर, तुमचा प्रश्न : निफाडच्या गोठ्यात गोट पॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस टोचल्यावर दहा दिवसांत गाईंना गाठी आल्या, पीसीआर (विषाणूचा डीएनए वाढवून ओळखणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला, हा लसीचा विषाणू की बाहेरचा, हे कळायला विषाणूचा पूर्ण जीनोम (सगळा डीएनए क्रम) वाचून घ्यावा का?

लगेच नको. आधी पीसीआर कोणत्या जनुकावर केला ते लॅबला विचारा. पी-३२ असेल, तर त्यातून फक्त कॅप्रिपॉक्स गटातला विषाणू आहे एवढंच कळतं; मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लम्पी तिन्ही त्यात एकाच रांगेत. विषाणूच्या जीपीसीआर किंवा आरपीओ-३० या जनुकाचं सँगर सिक्वेन्सिंग (एका छोट्या तुकड्याचा अक्षरक्रम वाचण्याची पद्धत) करा. आपली गोट पॉक्स लस उत्तरकाशी स्ट्रेनची (शेळीच्या देवीच्या विषाणूचा एक वाण). लम्पीचा विषाणू तिच्यापासून सहज वेगळा ओळखू येतो. संरक्षण तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे दहाव्या दिवशीच्या गाठींमागे बाहेरचाच विषाणू असण्याची शक्यता जास्त.

लम्पीचीच जिवंत लस दिलेली असेल, तर गोष्ट वेगळी. रशियात २०१७ मध्ये लसीचा आणि बाहेरचा विषाणू मिसळून तयार झालेला संकरित प्रकार सापडला. अशा विषाणूचं एक जनुक लसीसारखं दिसेल, दुसरं नाही. तिथे पूर्ण जीनोमच हवा.

त्याचं यश मशीनपेक्षा नमुन्यावर ठरतं. दोन-तीन सुटत आलेल्या खपल्या घ्या. आधी हळद, लिंबाचा पाला, जांभळा स्प्रे जे काही लावलं असेल ते सलाइनने धुऊन काढा. रंग राहिला तर पीसीआर अडतो. खपली कोरड्या निर्जंतुक ट्यूबमध्ये, बर्फावर. फॉर्मलिन अजिबात नको. रक्त घ्यायचंच तर तापाच्या दिवसांत आणि ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत. हेपॅरिन हे तसंच दुसरं रसायन, पण त्याने पीसीआर बिघडतो. लस टोचताना घातलेल्या हातमोज्यांनी नमुना घेऊ नका, नाहीतर लसच वाचाल.

लम्पीचा जीनोम सुमारे १.५१ लाख बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा), तर गाईच्या एका पेशीतला डीएनए ५४० कोटींच्या आसपास. पेशीमागे विषाणूच्या हजार प्रती धरल्या तरी ९७ टक्के वाचन गाईचंच. म्हणून सरळ सगळा डीएनए मशीनवर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा; कमी म्हणजे विषाणू जास्त) २५ च्या खाली असेल तर साडेसात हजार बेसचे, एकमेकांवर चढणारे वीस-पंचवीस तुकडे पीसीआरने वाढवा. सम आणि विषम क्रमांकाचे तुकडे वेगळ्या नळ्यांत, नाहीतर चढलेला छोटा भागच वाढत राहतो. खपली उन्हात, गाडीच्या डिकीत राहिली असेल तर डीएनए तुटतो आणि इतके लांब तुकडे उठतच नाहीत. मग दोन-अडीच हजारांचे करा, प्रायमर (तुकड्याची सुरुवात ठरवणारे छोटे डीएनए) जास्त लागतील.

नॅनोपोअरवर (लांब तुकडे वाचणारं मशीन) वाचलंत तर एकच अक्षर सलग सहा-सात वेळा आलेल्या जागी चुका होतात. तिथे एखादं अक्षर कमी दिसलं की जनुक मोडलं असं लिहून मोकळे होऊ नका; सँगरने तपासा. दोन्ही टोकांचे सुमारे अडीच हजार बेस आरशासारखे एकच असतात, त्यामुळे कुठला तुकडा कुठल्या टोकाचा ते कळत नाही. वीसपेक्षा कमी वेळा वाचलेल्या जागी सरळ एन (अक्षर माहीत नाही) लिहा. एन न लिहिता, जुळवणीचा संदर्भ क्रम नीथलिंग लसीचा (लम्पीच्या जिवंत लसीचा) घेतलात तर तशा रिकाम्या जागी लसीचंच अक्षर भरलं जातं आणि संकर नसताना संकर दिसतो.

आणि हा अधिसूचित रोग आहे. खासगी लॅबचा रिपोर्ट हातात असला तरी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. नमुना त्यांच्यामार्फत औंध, पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ द्या. तुमच्याकडे दुसरी खपली उणे वीसवर ठेवाच.