चालीवर पहिलं गाणं लिहिताय?

आधी चाल मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि 'ल ला ला' करत पाठ होईपर्यंत गुणगुणा. कागद नंतर. केरवा ताल असेल तर आठ मात्रा (ठोके) मोजा, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते तिथे खूण करा. वजनदार शब्द तिथेच पडू द्या.

नवखे हमखास इथे चुकतात:
- लांबवलेल्या सुरावर आ, ए, ओ हवेत. 'मन' ताणलं की 'मऽन' होतं. 'मना' सहज लांबतं.
- 'पाऊस'मधला 'स' पुढच्या ओळीत ढकलला, की ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही.
- अंतऱ्याची (कडव्याची) शेवटची ओळ मुखड्याच्या (ध्रुवपदाच्या) यमकावर यायला हवी, नाहीतर मुखड्यावर परतताना ठेच लागते.

मुखडा दोनच ओळींचा, पण निम्मा वेळ त्यालाच द्या. यमकासाठी तेच ते 'सजणी-रजनी' मात्र नको हो! कवितेच्या वृत्तांचा (छंदांचा) अभ्यास तूर्त राहू दे.