लॅपटॉप परत दे आणि दाराबाहेर थांब

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण उत्तर दिलं नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत सांगून संपणारं नव्हतं ते. मला कळलं ते असं की तू मैत्रिणीला ४० हजार हातउसने दिलेस, तीन महिन्यात देते म्हणाली आणि आता आठ महिने झाले, मग परवा तू तिच्या रूमवर गेलीस आणि तिचा लॅपटॉप उचलून आणलास, पैसे दे आणि घेऊन जा म्हणून. आणि त्यातच तुझा मावसभाऊ गाडीच्या लोनला गॅरंटर हो म्हणून मागे लागलाय. आणि तू विचारतेस की काका, बायबलमध्ये यावर काही आहे का, का नुसतंच क्षमा करा म्हटलंय.

आहे. भरपूर आहे. आणि नुसतं क्षमा करा असं नाहीये, अगदी वस्तूंची नावं घेऊन सांगितलंय.

आधी लॅपटॉपचं बोलू. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढ, सहावं वचन. जात्याची वरची काय आणि खालची काय, कुठलीच तळी गहाण घेऊ नको, कारण तसं करणं म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणं आहे. आता जातं डोळ्यासमोर आण. माझ्या आजीकडे होतं, पहाटे उठून दळायची, त्या दिवसाचं पीठ त्या दिवशी. इस्राएलातही तेच होतं, पीठ साठवून ठेवायची सोय नाही, रोज दळायचं आणि रोज भाकर. आता मला सांग, सावकार एक तळी घेऊन गेला तर त्याला तिचा काय उपयोग? विकून काही येणार नाही, एका तळीने दळताही येत नाही. तरी घेऊन जायचा, कारण ती गेली की संध्याकाळपर्यंत त्या घरात पोरं रडायला लागतात, आणि पोरं रडली की माणूस कुठूनतरी पैसे आणतो. म्हणजे तारण म्हणून घेतली दगडाची तळी पण खरं तारण होतं ते त्या घरातलं हाल. नियम नेमका ह्यावर बोट ठेवतो. कर्ज देऊ नको म्हणत नाही, गहाण घेऊ नको असंही म्हणत नाही, पण ज्यावर माणूस जगतो ती वस्तू दाबून धरून वसुली करायची नाही.

तुझी मैत्रीण डिझायनिंगची कामं घेते ना? मग तो लॅपटॉप तिचं जातं आहे. तू तो कपाटात ठेवलास, तुला त्याचा काही उपयोग नाही, आणि तिची कमाई बंद. बरं, कमाईच बंद तर तुझे ४० हजार ती देणार कुठून?

अंगरख्याचंही तसंच. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात आहे, कुणाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, कारण त्याच्याकडे तेवढं एकच आहे, दुसरं काय पांघरून झोपेल तो? आणि पुढे देव म्हणतो त्याने माझ्याकडे हाक मारली तर मी ऐकेन, कारण मी दयाळू आहे. हा भाग मी कितीतरी वेळा वाचलाय आणि दरवेळी थांबतो. कायद्याच्या पुस्तकात मधेच देव स्वतःच प्रश्न विचारतो की मग तो झोपेल कशात. रोज संध्याकाळी परत द्यायचं म्हटल्यावर ते तारण राहिलं कुठे, एक आठवण म्हणून राहिलं फक्त.

आणि हे फक्त पुस्तकात होतं असं समजू नको. १९६० साली इस्राएलच्या किनाऱ्यावर, याफो आणि अश्दोदच्या मधे एका जुन्या किल्ल्यात खोदकाम चालू होतं, तिथे मातीच्या भांड्याच्या खापरावर शाईने लिहिलेला एक अर्ज सापडला, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे साधारण यहूदाच्या योशीया राजाचा काळ. अर्ज कुणाचा तर शेतात कापणी करणाऱ्या एका मजुराचा. माझं काम मी पूर्ण केलं होतं तरी होशायाहू नावाच्या माणसाने माझं वस्त्र नेलं, माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे साक्ष देतील, माझं वस्त्र मला परत मिळवून द्या. बस एवढंच. कर्जापोटी नेलं का कामाच्या वादात नेलं ते त्यात लिहिलेलं नाही, पण एका कपड्यासाठी माणूस थेट अधिकाऱ्याकडे अर्ज करतो यावरून त्याच्याकडे दुसरा नसणार हे कळतंच. आमोस संदेष्टा तर त्याच्याही आधीचा, तो ओरडून सांगतो की गहाण घेतलेल्या कपड्यांवर तुम्ही वेदीजवळ लोळता. विचार कर, कुणीतरी थंडीत कुडकुडतोय आणि त्याचं पांघरूण देवळात अंथरलंय.

तुला वाटेल की ह्या जुन्या गोष्टी, आता कोर्टकचेऱ्या आहेत. तर आपल्या देशाचाच कायदा बघ, दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ६०. कोर्टाने जप्तीचा हुकूम दिला तरी काही वस्तूंना हात लावता येत नाही, त्यात अंगावरचे गरजेचे कपडे आहेत, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, अंगरखा आणि जातं दोन्ही त्यात बसतात. जे कोर्टाच्या बेलीफला करता येत नाही ते तू मैत्रिणीच्या बाबतीत केलंस, आणि रागात केलंस हे मला माहितीये, तू मुळात तशी नाहीस.

आता दाराचं सांगतो, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अनुवादाच्या त्याच २४ व्या अध्यायात दहावं-अकरावं वचन. शेजाऱ्याला काही उसनं दिलंस तर गहाण वस्तू आणायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभी राहा, त्यालाच आत जाऊन आणू दे. काय आणायचं ते तो ठरवेल. म्हणजे ज्याने पैसे दिलेत त्याचा हक्क उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्याच्या आत कर्जदार अजूनही घरधनी आहे, त्याची बायकापोरं बघतायत, त्यांच्यासमोर त्याची मान खाली जाता कामा नये.

हे मी इतकं का धरून बसतो त्याला कारण आहे. १९९४ ला मी एका सहकाऱ्यासाठी पतसंस्थेत जामीन राहिलो, चांगला माणूस होता, नोकरी सोडून गाव सोडून गेला आणि हप्ते माझ्यावर आले. ते ठीक, सही माझीच होती. पण वसुलीला दोन माणसं आली ती सरळ आत आली, चपला घालून स्वयंपाकघरापर्यंत, आणि आईचं शिलाई मशीन बघून हे कुणाचं म्हणून विचारलं. आई ब्लाऊज शिवायची त्यावर. नेलं नाही त्यांनी, नुसतं विचारलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस आई दुपारी आतून कडी लावून शिवायला बसायची. साडेतीन वर्षं पगारातून कापून गेले, बायकोच्या पाटल्या मोडल्या, ते सगळं विसरलो मी, पण ती कडी नाही विसरलो. तू रूममधे शिरून टेबलावरून लॅपटॉप उचललास ना, तेव्हा तिच्या रूममेट्स होत्या का तिथे? याचं उत्तर मला नको, तूच विचार कर.

व्याजाचंही विचारलंयस. हिब्रूत व्याजाला एक शब्द आहे नेशेख, त्याचा अर्थ चावा. लेवीयच्या २५ व्या अध्यायात आहे की भाऊबंद गरीब झाला, हात थरथरायला लागले, तर त्याला आधार दे, व्याज घेऊ नको, नफ्यावर धान्य देऊ नको. पण परक्याकडून व्याज घ्यायला मात्र अनुवाद २३ मधे परवानगी आहे, हेही मी लपवत नाही, आणि प्रभू येशूच्या रुपयांच्या दाखल्यातला धनी तर पैसा पेढीवर ठेवला असतास तर व्याजासकट मिळाला असता असं म्हणतो. म्हणून होम लोन घेणं पाप वगैरे जे कुणीकुणी सांगत फिरतात ते मला पटत नाही. लेवीयमधे चाललंय ते दुष्काळाने बुडालेल्या शेतकऱ्याबद्दल, ज्याला बी-बियाण्याला आणि पोटाला हवंय. कुणाच्या अडचणीवर कमवायचं नाही, हा त्याचा गाभा. तुझी मैत्रीण वडिलांच्या ऑपरेशनला पैसे घेऊन गेली होती, मग महिन्याला दोन टक्के लाव असं ज्या कुणी तुला सुचवलं त्याचं ऐकू नको.

सातव्या वर्षी कर्जमाफीचा नियम होता तो तुला संडे स्कूलमधे शिकवलाय, त्यातलं एक वचन मात्र तेव्हा सांगितलं नव्हतं. अनुवाद १५:९, सातवं वर्ष जवळ आलं म्हणून मनात वाईट विचार आणून गरीब भावाला नाही म्हणू नको. आणि नेमकं तेच झालं, लोक द्यायचेच बंद झाले, म्हणून पुढे हिल्लेल नावाच्या रब्बीने येशूच्या थोडं आधी एक कागद काढला, प्रोझबूल, कर्ज न्यायालयाच्या हवाली करायचं म्हणजे ते सातव्या वर्षी बुडत नाही आणि गरिबाला कर्ज मिळत राहतं. मला यात वाईट वाटतं आणि हिल्लेलचंही पटतं, दोन्ही.

नहेम्याचा पाचवा अध्याय आज रात्री सबंध वाच. यरुशलेमची भिंत बांधणं चालू आहे, आणि मधेच बायामाणसं ओरडा करतात की दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, आमच्या मुली दासी झाल्यात आणि सोडवायला हातात काही नाही. सावकार कोण तर त्यांचेच भाऊबंद. नहेम्या चिडतो, सभा बोलावतो, आणि मग म्हणतो मी, माझे भाऊ, माझे सेवक, आम्हीसुद्धा त्यांना पैसे आणि धान्य दिलंय, चला हे घेणं सोडून देऊ. तो प्रदेशाचा अधिपती, त्याला दुसऱ्यांकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं, पण आधी स्वतःचं नाव घेतलं. शेतं आणि घरं आजच्या आज परत करा म्हणाला, आजच्या आज. म्हणून तुलाही म्हणतो पुढच्या महिन्यावर टाकू नको.

पैसे सोडून दे असं मी म्हणत नाहीये हं. घेतलेलं फेडायचं असतं, स्तोत्र ३७ मधे उसनं घेऊन न फेडणाऱ्याला दुर्जन म्हटलंय. अलीशा संदेष्ट्याकडे ती विधवा येते, २ राजे ४, नवरा गेला, सावकार दोन्ही पोरांना दास करून न्यायला आलाय. अलीशा विचारतो घरात काय आहे? तेलाची एक कुपी. मग शेजारपाजारची रिकामी भांडी आण, दार लावून घे आणि ओत. चमत्कार झाल्यावर काय सांगतो, तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यात पोरांसकट जग. कर्ज तिला फेडायलाच लावलं, पण फेडायचं साधन तिच्याच घरातून निघालं आणि तेव्हा दार लावलेलं होतं. तुझ्या मैत्रिणीच्या घरात तेलाची कुपी म्हणजे तोच लॅपटॉप. तो दे, आणि महिन्याला तिला झेपेल तो आकडा तिलाच ठरवू दे, दोन हजार म्हणाली तर दोन हजार, साध्या कागदावर लिहून दोघींनी सही करा. आणि मनातून मत्तय १८ काढू नको, दहा हजार तालांत माफ झालेला माणूस बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, हिशोब केलास तर सहा लाख पट फरक येतो. पण शंभर दिवसांची मजुरी हीसुद्धा काही छोटी रक्कम नाही, प्रभूने ती मुद्दाम खरी वाटेल अशी ठेवलीय असं मला वाटतं, तुझे ४० हजार कष्टाचे आहेत हे त्याला माहितीये.

आता मावसभाऊ. नीतिसूत्रे याबद्दल फार कडक आहेत, सहाव्या अध्यायात तर जामीन राहिला असशील तर झोपू नको, हरिणासारखा फासातून सुटून जा म्हटलंय, आणि २२ व्या अध्यायात, फेडायला तुझ्याकडे नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून नेऊ द्यावं? आपल्याकडचा कायदाही तसाच आहे, भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या असं म्हणता येत नाही, १९६८ ला सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलंय. तुझ्या सिबिलमधेही ते दिसतं, उद्या तुला स्वतःला लोन घ्यायचं झालं तर आड येतं.

तरीपण जामीन राहणं कायमचं वाईट असं बायबल म्हणत नाही. यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, बापाकडे जामीन राहतो आणि वेळ आल्यावर त्याच्याऐवजी मी दास होतो म्हणून खरंच पुढे येतो. पौल फिलेमोनाला त्याच्या दासाबद्दल, अनेसिमाबद्दल, लिहितो की तो तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावावर मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. आणि इफिसकरांच्या पत्रात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटलंय, आपण घर घेताना विसार पावती करतो ना तोच विसार, देवाने स्वतः आपल्याला दिलेला. ह्या सगळ्यांनी सही करतानाच ते देणं आपलंच मानलं होतं. म्हणून भावाच्या लोनचा पूर्ण आकडा एका कागदावर लिही आणि बघ, हा सगळा मला भरावा लागला तर भरता येईल का, आईबाबांच्या अंथरुणाला हात न लागता. येत असेल आणि भावासाठी तेवढं करायचं असेल तर कर. येत नसेल तर आजच स्पष्ट नाही सांग, मी रागावलेल्या भावाला फोन करीन, ते माझ्यावर सोड.

आणि फॉर्म आला तर सही करायच्या आधी मला दाखव. रक्कम भरलेली आहे का बघ, कोऱ्या रकान्यांवर सही करायची नाही, आणि सततची हमी असा शब्द कुठे असेल तर तिथे खूण करून ठेव, त्यात पुढची कर्जंसुद्धा येऊ शकतात. रविवारी उपासना झाल्यावर मी मागच्या बाकावर थांबतो.

लॅपटॉप मात्र रविवारच्या आधी, चार्जर विसरू नको. बेल वाजव आणि बाहेरच थांब, तिने आत ये म्हटलं तरच जा.

तुझा,
काका