सोशल मीडियात खरंच करिअर होतं का? मुंबईत कॉलेज करता करता सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईत एसवाय बीकॉमला आहे, शाळा मराठी माध्यमाची, रील एडिट करता येतात. घरचे म्हणतात, मोबाइलवर बसायचे कोण पगार देणार? कोर्स लावावा, इंटर्नशिप करावी, की स्वतःचं पेज काढावं?

माझं मत विचाराल तर कोर्सची फी भरण्याआधी एका खऱ्या, छोट्या दुकानाचं इन्स्टाग्राम खातं आठ आठवडे सांभाळून बघा. हे काम आवडतं की नुसत्या रील बघायला आवडतात, ते तिथेच कळतं.

आधी एक गोंधळ मिटवू. स्वतःचं चॅनेल चालवणं आणि दुसऱ्याच्या ब्रँडचा सोशल मीडिया सांभाळणं हे दोन वेगळे धंदे आहेत. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि त्यासोबत वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. तिथवर पोचल्यावर सुरू होतात ते वरखर्चाचे पैसे. त्याला पगार समजू नका. शिवाय ते ॲप म्हणजे भाड्याची जागा. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली आणि लाखांनी फॉलोअर असलेली खाती एका रात्रीत निकामी झाली. ज्यांना कॅमेऱ्यासमोर बोलणं, कापणं, लिहिणं येत होतं ते दुसरीकडे गेले. ज्यांच्याकडे नुसता फॉलोअरचा आकडा होता, ते अडकले.

नोकरी मिळते ती यातल्या दुसऱ्या धंद्यात, म्हणजे ब्रँडचा सोशल मीडिया सांभाळण्यात. लोअर परळ, अंधेरी, गोरेगाव या पट्ट्यात हे काम करून देणाऱ्या एजन्सी आहेत; बँका, वाहिन्या, ओटीटी, प्रकाशनसंस्था यांच्याकडे स्वतःची टीम असते. आत गेल्यावर काम वाटलेलं असतं. कॉपीरायटर लिहितो, डिझायनर आणि एडिटर बनवतात, क्लायंट सर्व्हिसिंगवाला क्लायंट आणि टीम यांच्यामध्ये भरडला जातो, ओआरएमवाले (ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट, म्हणजे ब्रँडचं नाव सांभाळणारे) तक्रारींना उत्तरं देतात, परफॉर्मन्सवाले जाहिरातींचे पैसे लावतात. फ्रेशरला 'सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह' म्हणून घेतात आणि यातलं सगळं थोडंथोडं करून घेतात. बीकॉमच्या मुलांनी परफॉर्मन्सकडे जरूर बघावं. तिथे हिशेब लागतो, आणि हिशेबाचा कंटाळा नसलेली माणसं या क्षेत्रात कमीच.

आता दुकान. उदाहरणादाखल लालबागच्या मसाला गल्लीतलं मिरची-मसाल्याचं दुकान धरू. मार्च ते मे साठवणीच्या मसाल्याचा हंगाम, म्हणजे काम फेब्रुवारीत हाती घ्यायचं. मालकाला पहिल्या दिवशी रील दाखवू नका, प्रश्न विचारा: गिऱ्हाईक कुठून येतं? फोनवर पहिलं काय विचारतं? कोणता माल पडून राहतो? उत्तरं बहुधा अशी येतात: किलोचा भाव काय, कुटून मिळेल का, किती वेळ थांबावं लागेल, सोमवारी बंद असतं का. हीच तुमची पहिली चार पोस्ट. 'भावासाठी मेसेज करा' असं लिहायचा मोह टाळा. भाव दिसला नाही की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

आठवड्याला दोन रील, एक कॅरोसेल (सरकवत बघायची अनेक चित्रांची पोस्ट) आणि रोज दोन-तीन स्टोरी एवढं पुरे. कॉलेज सांभाळून याहून जास्त झेपत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात दम लागून खातं थंड पडण्यापेक्षा कमी पण नियमित बरं. रील उभी, १०८० बाय १९२० पिक्सेल. खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे कॅप्शन आणि बटणं बसतात. तिथे भाव लिहिलात तर तो झाकला जाणार. प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये कव्हर ३:४ मध्ये कापलं जातं, म्हणून कव्हरवरची अक्षरं मधोमध.

पहिल्या दीड सेकंदात काय दिसतं यावर बरंच ठरतं. दुकानाची पाटी, मग फिरता कॅमेरा, मग 'नमस्कार मित्रांनो', एवढ्यात बघणारा निघून गेलेला असतो. सुरुवातच डंकापासून, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रापासून करा: लोखंडी मुसळ लाल मिरचीवर आदळतंय, त्याचा खरा आवाज, वर एकच ओळ, 'ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला; प्रमाण किती?' मग उत्तर द्या, खरोखर किलो-पावकिलोत, मालकाच्या तोंडून. मागे गाणं नको. एक तर डंकाचा ठेका गाण्यापेक्षा भारी असतो, आणि दुसरं म्हणजे बिझनेस खात्याला सिनेमाची गाणी बिनधास्त वापरता येत नाहीत. बहुतेक गाण्यांचा परवाना वैयक्तिक वापरापुरताच असतो. चालून गेलं तर गेलं, नाहीतर आवाज बंद होतो किंवा हक्कदार कंपनीची नोटीस दुकानदाराच्या दारात येते.

मराठी हे तुमचं भांडवल आहे, ते नीट वापरा. एजन्सीत मराठी क्रिएटिव्ह, म्हणजे जाहिरातीचा मजकूर-चित्र, बऱ्याचदा इंग्रजीवरून उतरवलेलं असतं आणि ते लगेच ओळखू येतं. मुळातून मराठीत लिहिणारा आणि अक्षरं तपासणारा माणूस टीमला हवाच असतो. नेहमीची चूक दाखवतो. डिझायनर फोटोशॉपमध्ये मजकूर पेस्ट करतो आणि 'मिरची'चा पहिला ऱ्हस्व इकार म च्या पुढे जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. दोष फाँटचा नसतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडून फाइल नव्याने उघडा. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो. जुन्या टंकांतला, म्हणजे श्रीलिपी वगैरेतला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरी चूक 'दुसऱ्या'ची. ऱ् ऐवजी साधा र् टाइप केला की रफार वर चढतो आणि 'दुसर्या' होतं. 'किनाऱ्यावर', 'पुऱ्या' यांचंही तेच. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मुक्ता, बलू, टिरो देवनागरी मराठी हे फाँट फुकट आहेत. शेवटच्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. एवढं जरी जमलं तरी इंटरव्ह्यूत तुम्ही बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसाल.

मग कॅलेंडर, म्हणजे कोणती पोस्ट कधी जाणार याचा तक्ता. साधी एक्सेल शीट: तारीख, प्रकार, विषय, कॉपी (पोस्टचा मजकूर), व्हिज्युअलची सूचना, कोणाचं अप्रूव्हल, लिंक, निकाल. महिन्याचं कॅलेंडर आधीच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत क्लायंटकडे गेलं पाहिजे. गेल्या वर्षीचं कॉपी करून नुसतं साल बदलणं ही सगळ्यात महागडी आळशी सवय. गणेश चतुर्थी २०२५ ला २७ ऑगस्टला होती. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरला गेली. मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला, मराठी राजभाषा दिन १ मेला. दरवर्षी कोणता तरी मोठा ब्रँड यांची अदलाबदल करतो आणि कमेंटमध्ये धुतला जातो. शिवजयंती १९ फेब्रुवारीला आणि तिथीनेही होते. क्लायंट कोणती पाळतो ते आधी विचारा. भिंतीवरचं कालनिर्णय या कामात ॲपपेक्षा भरवशाचं.

कुणी जिंकलं की लगेच अभिनंदनाची पोस्ट टाकायची, याला मोमेंट मार्केटिंग म्हणतात. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूने कांस्य जिंकल्यावर परवानगीशिवाय तिचं नाव-फोटो वापरणाऱ्या अनेक ब्रँडना तिच्या व्यवस्थापन कंपनीने कायदेशीर नोटिसा धाडल्या. आपलं मसाल्याचं दुकान असो की बँक, कुणाचा चेहरा आपल्या लोगोशेजारी लावताना हात आखडता घ्या.

जाहिरातीचा अनुभव १,४०० रुपयांत येतो: रोज २०० प्रमाणे सात दिवस, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६५२. पैसे मालकाचे, आकडा आधी सांगून. 'बूस्ट पोस्ट'चं निळं बटण दाबू नका; ॲड्स मॅनेजरमधून (इन्स्टाग्राम-फेसबुकच्या मेटा कंपनीचं जाहिराती लावायचं साधन) व्हॉट्सॲप मेसेज हे उद्दिष्ट निवडा. मेटाच्या यंत्रणेला एका ॲड सेटमागे (एकाच प्रेक्षकवर्गासाठीचा जाहिरातींचा गट) आठवड्याला साधारण ५० निकाल, इथे मेसेज, मिळाले तर ती स्थिरावते, म्हणून २०० रुपयांचे चार तुकडे करून चार ॲड सेट चालवले तर एकही धड शिकत नाही. एक ॲड सेट, दोन-तीन क्रिएटिव्ह, आणि पहिले तीन-चार दिवस हात लावायचा नाही. जाहिरात कुठे दिसावी यासाठी मुंबईत वर्तुळ टाकताना नकाशा डोळ्यांनी बघा. मुलुंडभोवती मोठं वर्तुळ टाकलं की खाडीपलीकडचं ऐरोली आत येतं. गिरगावात निम्मं वर्तुळ समुद्रात जातं. ते एकवेळ चालेल, मासे जाहिरात बघत नाहीत. दादर स्टेशनाजवळ मात्र नुसती गाडी बदलणारी गर्दीही मोजली जाते आणि पैसे तिच्यावर उडतात. लालबागसाठी करी रोड-चिंचपोकळीपुरतं न थांबता परळ, शिवडी, भायखळा जोडा, कारण वर्षाचा मसाला घ्यायला लोक मुद्दाम येतात.

आठ आठवड्यांनी अहवाल एका पानाचा. फॉलोअर किती वाढले हे शेवटी. रीच (किती जणांपर्यंत पोचली) ६,४०० आणि सेव्ह (किती जणांनी जपून ठेवली) १२८ असतील तर सेव्ह २ टक्के, असं गुणोत्तर काढा आणि दोन रील शेजारी ठेवून फरक का पडला ते लिहा. प्रमाण सांगणारी रील लोक सेव्ह करतात, दुकानाच्या वाढदिवसाची करत नाहीत. व्हॉट्सॲपची लिंक अशी बनवा की मेसेज आधीच लिहिलेला येईल, 'रील बघून विचारतोय'. मग मालकाला मेसेज मोजता येतात. न चाललेली पोस्टही दाखवा. 'सगळं छान चाललं' असं म्हणणारा पोर्टफोलिओ कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

खात्याचा पासवर्ड मागू नका आणि घेऊ नका. मेटा बिझनेस सूटमधून (धंद्याची खाती सांभाळायचं मेटाचं साधन) तुम्हाला ॲक्सेस द्यायला सांगा, मालकाच्या फोनवर टू-फॅक्टर (पासवर्डसोबतची दुसरी पडताळणी) चालू असू द्या. दुकानाचं खातं तुमच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम ॲपमध्ये जोडलं की एक दिवस मित्राच्या पार्टीची स्टोरी मसाल्याच्या दुकानावरून जाते. पोस्ट कॉम्प्युटरवरून शेड्यूल करा. अप्रूव्हल लेखी घ्या, एकाच जागी. मालकाचा व्हॉइस मेसेज, मुलाचा फोन आणि सुनेचा 'ओके' यांतून भाव चुकीचा छापला जातो आणि शेवटी बिल तुमच्या नावावर फाटतं.

स्वतःच्या पेजवर कुणाच्या मालाबद्दल बोललात तर नियम लागतात, मग पैसे मिळोत की नुसता फुकट माल. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१ पासून लागू आहेत: जाहिरात असल्याचं लेबल सुरुवातीलाच दिसलं पाहिजे, 'अधिक'खाली दडलेलं नको. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते किमान ३ सेकंद, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागतो. बीकॉम आहे म्हणून शेअरच्या टिपा देणारं पेज काढू नका. सेबीच्या नोंदणीशिवाय तो रस्ता बंद आहे.

कोर्सचं म्हणाल तर मेटा ब्लूप्रिंट आणि गूगल स्किलशॉपमधलं बरंच शिक्षण फुकट आहे. आठ आठवड्यांबरोबर तेच करा. मल्हार, मूड इंडिगोसारख्या फेस्टच्या किंवा तुमच्या कॉलेजच्या फेस्टच्या डिजिटल टीममध्ये घुसा, डेडलाइनची सवय होते. 'नोकरीची हमी' म्हणून मोठी फी मागणाऱ्या क्लासला एकच विचारा: शेवटच्या बॅचच्या मुलांनी सांभाळलेली खाती दाखवा. दाखवली नाहीत तर उठा.

इंटर्नशिपला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या. माझ्याकडे एका वेळी किती ब्रँड असतील, सणासुदीला आणि रविवारी कमेंट कोण बघतं, आणि माझं काम मी पोर्टफोलिओत दाखवू शकतो का. पहिल्याचं उत्तर पाच-सहाच्या वर आलं तर तिथे शिकायला वेळ मिळणार नाही, नुसत्या पोस्ट ढकलाल. स्टायपेंडचा आकडा आणि तारीख ईमेलवर मागा. विरारहून किंवा बदलापूरहून जाणार असाल तर घरून काम किती दिवस तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.