भोसरीतल्या शेडवर १० टर्बो बसवूनही उकाडा का जात नाही?

तुम्ही दिलेली माहिती अशी: शेड २० बाय ४० मीटर, रिज (छताचा माथा) ९ मीटरवर, मशीन आणि पत्रा मिळून साधारण १०० किलोवॅट उष्णता, छतावर वाऱ्याने फिरून हवा ओढणारे २४ इंची १० टर्बो, आणि आता गेबलच्या (टोकाच्या त्रिकोणी) भिंतीत वर एक्झॉस्ट फॅन लावायचा विचार. फॅनची ऑर्डर आधी थांबवा.

आतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर १०० किलोवॅट बाहेर न्यायला सेकंदाला सुमारे १७.५ घनमीटर हवा लागते. म्हणजे तासाला शेडची हवा साधारण १० वेळा बदलायची. ५ अंशांचा फरक आणि हवेच्या खालच्या-वरच्या तोंडांत ८ मीटर उंची, वर चढणाऱ्या गरम हवेच्या एवढ्या ओढीवर ही हवा हलवायला खाली २६ आणि वर २६ चौरस मीटर मोकळी जागा हवी. २४ इंची टर्बोचं तोंड ०.२९ चौरस मीटर. दहांचं मिळून तीनही भरत नाही. वारा असेल तेव्हा टर्बो थोडं जास्त ओढतात, पण वारा पडला की उरतं फक्त ते भोक.

त्यापेक्षा रिजवर पूर्ण ४० मीटर लांबीचा व्हेंटिलेटर करा, घसा (हवा जायच्या फटीची रुंदी) ६५० मिलिमीटर. रिजचे पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे लोखंडी दांडे) सरकवावे लागतील आणि वाऱ्याचा भारही वाढेल, म्हणून फॅब्रिकेटरच्या अंदाजावर न जाता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. पावसाळ्यात पश्चिमेकडून तिरपा पाऊस येतो, त्यासाठी बाजूचे पडदे घशापेक्षा उंच हवेत आणि आत पन्हळ हवी. कबुतरांसाठी जाळी लावाच, पण बारीक नको. ती धूळ आणि तेलाच्या वाफेने बुजते.

खरी गफलत बहुतेक वेळा खाली असते. रात्रपाळीत शटर पाडलं की तुमच्याकडे खिडक्यांचे जेमतेम ३ चौरस मीटर उरत असतील. तसं असेल तर रिजवरचे २६ चे ५२ केले तरी हवा एक टक्काही वाढणार नाही, कारण लहान तोंडच प्रवाह ठरवतं. दोन्ही लांब भिंतींत जमिनीपासून अर्ध्या-पाऊण मीटरवर ६५० मिलिमीटर उंचीची सलग लूव्हरची (तिरप्या पात्यांच्या झरोक्याची) पट्टी घ्या. लूव्हरमध्ये निम्मीच जागा मोकळी मिळते असं धरून हा आकडा आहे. त्यापुढे रॅक किंवा स्क्रॅपचे ड्रम लावू देऊ नका. हे सांभाळणं पट्टी बसवण्यापेक्षा अवघड असतं.

आता फॅनबद्दल. रिज उघडी असताना तिच्याजवळ एक्झॉस्ट लावला, तर तो रिजमधूनच ताजी हवा ओढतो आणि तीच बाहेर टाकतो. मशीनपाशी उभ्या माणसापर्यंत काहीच पोहोचत नाही. काम झाल्यावर उदबत्ती लूव्हरपाशी धरा, धूर आत वळला पाहिजे. रिजखाली तो वर गेला पाहिजे. खाली येत असेल तर कुठला तरी फॅन उलटा ओढतोय.

एप्रिल-मेमध्ये बाहेर ३९ अंश असताना हे सगळं करूनही आत ३९ च्या खाली जाणार नाही. पत्र्याची धग डोक्यावर येते ती वेगळी. तिला पत्र्याखाली इन्सुलेशनच लागतं. वेल्डिंगचा धूर असेल तर त्याला जागेवरच धूर ओढून घेणारा वेगळा हूड हवा, रिजच्या भरवशावर तो कामगाराच्या नाकासमोरून वर जाऊ देऊ नका.