नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंय, आयटीआर एकाच वर्षाचा आहे. गृहकर्ज मिळेल का?

मिळेल, पण तुमच्या एकटीच्या नावावर आत्ताच मिळणं अवघड आहे. तुम्ही लिहिलंय की सव्वा वर्षापूर्वी नोकरी सोडून पुण्यात इंटिरिअरची कामं सुरू केलीत, वर्षाला १८ लाखांची बिलं होतात, तरी बँकेने फाइल परत केली. बहुतेक बँका धंद्याचे दोन-तीन वर्षांचे आयटीआर मागतात. तेव्हा पुढचं आयकर विवरण (आयटीआर) नीट विचार करून भरा, तुमचं कर्ज तिथेच ठरणार आहे.

इंटिरिअरचं काम आयकराच्या ४४एडीए कलमात बसतं, म्हणजे खर्चाचा तपशील न देता बिलांच्या किमान निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो. सीए सहसा निम्मी रक्कम, म्हणजे ९ लाख, नफा दाखवून मोकळे होतात. पण ५० टक्के ही किमान मर्यादा आहे. खर्च वजा जाता तुमच्या हातात खरोखर १२ लाख उरत असतील तर १२ दाखवा. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत करही लागत नाही (दुसरं उत्पन्न असेल तर तेही यात धरा). बँक हप्ता बसवते तो या आकड्यावर, बिलांच्या बेरजेवर नाही. मी स्ट्रक्चरल ड्रॉइंगची कामं करतो. माझ्या कर्जाच्या वेळी बँकेचे अधिकारी पेन घेऊन स्टेटमेंटची एकेक ओळ बघत होते: क्लायंटकडून आलेल्या रकमांवर टिक, रोख भरणा आणि घरच्यांनी पाठवलेले पैसे सरळ खोडलेले. म्हणून धंद्याचं चालू खातं वेगळं ठेवा आणि बिलाचे पैसे त्यातच घ्या. मागच्या वर्षांचे आयटीआर एकदम भरून टाकू, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तारखा बघूनच बँकेला शंका येते.

थांबायचं नसेल तर मिस्टरांची नोकरी आहे, त्यांना मुख्य अर्जदार करा आणि तुम्ही सहअर्जदार व्हा. तुमच्या जुन्या नोकरीचं अनुभवपत्रही फाइलला लावा. त्याच क्षेत्रातला अनुभव असला की काही ठिकाणी तो धरतात. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, ती आजच करून टाका.

पैशांचा हिशोब मात्र आधी मांडा. ४५ लाखांच्या घराला ८० टक्के, म्हणजे ३६ लाख, कर्ज मिळालं तर साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी हप्ता साधारण ३१,२०० रुपये बसतो. उरलेले ९ लाख तुमचे, शिवाय दोघांच्या नावे घेतलंत तर ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी. म्हणजे जवळपास साडेबारा लाख रोकडे हवेत. बिल्डर कितीही घाई करू दे, सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.