वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, हाताचा गिअर आणि घाटाची हौस

प्रश्न : मी कोल्हापूरला एका कारखान्यात अभियंता आहे. रोजचे जाणे-येणे बावीस किलोमीटरचे असून महिन्यातून दोनदा गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरून वैभववाडीला, सासुरवाडीला जातो. हाताने गिअर टाकण्यात मजा येईल अशी जरा चपळ, सेकंडहँड गाडी सहा लाखांपर्यंत घ्यायची आहे. तीन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली 2020 ची पोलो 1.0 टीएसआय असून तिचा मालक तिसरा आहे आणि तिला बाहेरून मोठे अलॉय व्हील बसवले आहेत. दुसरी 2018 ची बलेनो आरएस, इचलकरंजीतील एका डॉक्टरांची, एकहाती वापरलेली. तिसरी 2016 ची अबार्थ पुंटो, पुण्यातली, मालक दुसरा. मन पोलोकडे ओढ घेते, घरचे बलेनो म्हणतात आणि मित्र अबार्थसाठी हट्ट धरून बसले आहेत. काय करावे?

उत्तर : तुम्ही निवडलेल्या तिन्ही गाड्यांना टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून जोर वाढवणारा पंखा) आहे आणि तिन्ही हाताच्या गिअरच्या आहेत, म्हणजे तुम्ही गृहपाठ केलेला दिसतो. अनेक वाचक इथेच फसतात. आपल्याकडे विकल्या गेलेल्या जुन्या 1.2 लिटरच्या पोलो जीटी टीएसआयला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, होता आणि 2016 ची पोलो जीटीआयसुद्धा ऑटोमॅटिकच होती. मागच्या दारावरची लाल अक्षरे पाहून बयाणा देणाऱ्यांना क्लचचे पेडलच नाही हे कधी कधी दारात गाडी आल्यावर कळते.

आता तुमच्या तीन गाड्यांकडे वळू. कागदावर अबार्थ सर्वांत जोरदार आहे. तिच्या 1.4 लिटर टी-जेट इंजिनाची ताकद 145 अश्वशक्ती असून चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. मी ती चालवली आहे. तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला की ती ज्या रीतीने पुढे झेपावते, तसा अनुभव त्या किमतीच्या दुसऱ्या गाडीत क्वचितच येतो. पण फियाटने भारतात गाड्या विकणे केव्हाच थांबवले आणि रांजणगावच्या ज्या कारखान्यात ती तयार झाली तिथून आता जीप बाहेर पडतात. इंजिनाचे काम जाणणारे मिस्त्री पुण्यात सापडतील, परंतु पुढचा बंपर किंवा हेडलाइट फुटला तर शोधाशोध तुम्हालाच करावी लागेल, आणि तोपर्यंत कारखान्यात जायला दुसरे वाहन हवे. घरात आधीच एक गाडी असती तर मी मित्रांच्या बाजूने उभा राहिलो असतो. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही.

पोलोचा तुमचा ओढा मला समजतो. चाकणला तयार झालेल्या या गाडीच्या एक लिटर इंजिनातून 110 अश्वशक्ती आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, मिळतो, गिअर सहा आहेत आणि वळणावर ती रस्त्याला जशी धरून राहते तशी बलेनो राहत नाही. पोलो 2022 मध्ये बंद झाली असली तरी याच कुळातले इंजिन व्हर्टस आणि टायगन या चालू गाड्यांत आहे, त्यामुळे सुट्या भागांची फारशी चिंता नाही. माझी हरकत मॉडेलला नाही, तुम्हाला दाखवलेल्या त्या विशिष्ट गाडीला आहे. थोड्या वर्षांत तीन मालक बदललेल्या आणि बाहेरचे मोठे अलॉय लावलेल्या गाडीला पहिल्या दोघांनी का सोडले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोठ्या रिमवर टायरची भिंत उथळ होते आणि आपल्या रस्त्यांवरील खड्ड्यांचा दणका थेट रिमला, शॉकअबसॉर्बरला व त्याच्या जोडांतील रबरी बुशांना बसतो. शिवाय ज्याने चाके बदलली त्याने इंजिनाच्या संगणकाला हात लावलाच नसेल, असे मी गृहीत धरणार नाही. (त्याविषयी पुढच्या प्रश्नात आले आहे.)

राहिली बलेनो आरएस. ती 102 अश्वशक्तीची असली तरी वजन अवघे 950 किलो आहे, आणि घाटात हलकेपणाचा फायदा चढताना होतो त्याहून अधिक उतरताना होतो. करूळ उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून इंजिनाच्याच अडथळ्याने वेग आवरत येणाऱ्या हलक्या गाडीचे पुढचे डिस्क तापत नाहीत, हे तुमच्या लक्षात येईल. तिचे स्टिअरिंग पोलोइतके बोलके नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे. एक गोष्ट आवर्जून तपासा. एप्रिल 2023 मध्ये मारुती सुझुकीने 7,213 बलेनो आरएस गाड्या ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या होत्या. 27 ऑक्टोबर 2016 ते 1 नोव्हेंबर 2019 या काळात बनलेल्या गाड्यांचा त्यात समावेश होता, म्हणजे तुमची 2018 ची गाडी त्या काळातलीच आहे. चॅसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि ते काम झाल्याची नोंद डोळ्यांनी पाहा. झालेले नसेल तर पैसे देण्यापूर्वी ते मालकाकडूनच करून घ्या.

माझे मत डॉक्टरांच्या बलेनोच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण गाडीपेक्षा डॉक्टर हे आहे. टर्बोच्या गाडीचे आयुष्य तिच्या मालकाने तेल केव्हा बदलले, कोणते घातले आणि घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवले की लगेच किल्ली फिरवली, यावर ठरते, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. त्यांच्याकडे सर्व बिले असतील तर ती क्रमाने लावून प्रत्येकावरचे किलोमीटर पाहा. मीटर मागे फिरवलेला असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

गाडी पाहायला सकाळी जा आणि ती आधीपासून गरम करून ठेवू नये असे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण थंड इंजिन चालू होतानाचा आवाज आणि धूर बरेच काही सांगतो. क्लच तपासण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास गाडी आणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे चढले आणि वेग मात्र चढला नाही, तर क्लच प्लेट संपत आली आहे असे समजा व तो खर्च किमतीतून वजा करा. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना दात घासल्यासारखा आवाज आला तर गिअर अलगद जुळवणारा सिंक्रोनायझर झिजला असण्याची शक्यता आहे, आणि तो बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागून निळसर धूर दिसला, तर तेल जळत आहे. टर्बोकडे संशयाने पाहा.

तुमच्या भागासाठी आणखी एक तपासणी मी कधीच सोडणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगलीला आलेल्या महापुरात असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या काही धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, कारण आतल्या गुंडाळीवरचा चिखलाचा डाग धुणाऱ्याच्या हाताला लागत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत का ते पाहा आणि पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. मी स्वतः एकदा एका विक्रेत्याकडून चकचकीत गाडी घेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात डॅशबोर्डवरचे दिवे आपापल्या मर्जीने पेटू लागले, तेव्हा वायरिंगच्या जोडांत वाळू सापडली. सीटबेल्ट मी ओढून पाहिला नव्हता.

सहा लाख हातात असतील तर गाडीवर साडेपाचच खर्च करा. उरलेल्या पैशांत टायर, ब्रेक पॅड, बॅटरी आणि सर्व तेले पहिल्याच महिन्यात बदलून घ्या. टायरच्या भिंतीवरील चार आकड्यांतून तो कोणत्या आठवड्यात व वर्षात बनला ते कळते. नक्षी शाबूत असली तरी जुन्या, कडक झालेल्या टायरवर पावसाळ्यात करूळ उतरू नये. बलेनोचे कागद जुळले नाहीत आणि दुसरी चांगली पोलोही हाती लागली नाही, तर 2018 ते 2020 मधली कमी चाललेली पेट्रोल स्विफ्ट पाहा. 83 अश्वशक्ती ऐकून मित्र हसतील, पण ही गाडीही हलकी आहे, गिअर लोण्यासारखे पडतात आणि टर्बो नसल्याने एक काळजी कमी होते.

प्रश्न : पिंपरीत एका एजंटाकडे दिल्ली पासिंगची 2015 ची डिझेल पोलो जीटी टीडीआय इथल्या गाड्यांपेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. ती फार जोरात पळते. त्यात काही धोका आहे का?

उत्तर : स्वस्ताईचे पहिले कारण सरळ आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2015 च्या आदेशापासून दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. त्यांची अंमलबजावणी कधी कडक तर कधी सैल होत आली, तरी अशा गाड्या तिथून बाहेर विकण्याची घाई कायम राहिली. गाडी वाईटच असेल असे नाही. मात्र महाराष्ट्रात ती कायम वापरायची तर दिल्लीच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, हवे. इथे पुन्हा रस्ता कर भरावा लागतो, नवा नंबर घ्यावा लागतो आणि डिझेलवर आपल्याकडे कराचा दर पेट्रोलपेक्षा अधिक आहे. ही रक्कम आरटीओकडून काढून घेऊन किमतीत मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते पाहा. ना हरकत प्रमाणपत्र हाती पडण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका, एजंट कितीही ओळखीचा असो.

‘फार जोरात पळते’ या तुमच्या शब्दांनी मात्र माझे कान टवकारले. या डिझेल इंजिनाचा टॉर्क मुळातच 250 न्यूटन मीटर आहे आणि ते रिमॅप करून घेण्याची हौस अनेकांना असते. संगणकातील आज्ञावली बदलल्याने वाढलेला जोर क्लच व टर्बोच्या आयुष्यातून वसूल होतो. विकण्यापूर्वी मूळ आज्ञावली परत घातली जाते, त्यामुळे गाडी निरागस दिसते. अशा वेळी खुणा शोधा : क्लच लवकर बदलल्याचे बिल, बाहेरून बसवलेला एअर फिल्टर, सायलेन्सरवर नव्या वेल्डिंगच्या रेघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि विमा कंपनीला न कळवलेल्या बदलांवरून अपघाताचा दावा अडू शकतो. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून खर्च मोजा.

प्रश्न : जुन्या गाडीवर पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे, तो तुम्हाला मिळेल असे रत्नागिरीतील विक्रेता सांगतो. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. नो क्लेम बोनस म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, आणि विकणारा तो आपल्या पुढच्या गाडीसाठी घेऊन जातो. गाडी तुमच्या नावावर होताच चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसी बदलून मिळण्यासाठी अर्ज करा. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येते, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे जुन्या मालकाच्या नावावरील पॉलिसीतून मिळतील या भरवशावर राहू नका. आरसी बुकावर बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर ती नोंद काढण्याचा फॉर्म 35 आणि बँकेचे पत्र पाहिल्याखेरीज मालकी हस्तांतराच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या करू नका.